सोळा नंबरचा शर्ट

"पुढं फेकायचाच नाही? मग पुढं जायचं तरी कसं?" रिआनने विचारलं.

"पळत जायचं. आपल्या पायांनी," हेफिन म्हणाला. त्याने रग्बीचा तो लांबोडका चेंडू पोटाशी धरला होता. "देताना मात्र मागच्याला द्यायचा. हातातून पुढं सुटला की खेळ थांबला, चेंडू समोरच्यांचा."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की. आपण पळायचं, आणि मागं वळून एकेकाच्या हातात द्यायचं."

बायका हसल्या. ब्रिनहेलिग गावच्या क्लबात, बारशेजारच्या लांबट खोलीत अकरा जणी बसल्या होत्या. यंदा पहिल्यांदाच गावातल्या मुलींचा संघ उभा राहत होता, आणि पोरी काय खेळतात ते आयांना कळावं म्हणून क्लबने हेफिनला बोलावलं होतं. जुन्या संघातला तोच एक उरला होता. बाकीचे सगळे चॅपेलमागच्या उतारावर निजले होते, पावसात आणि नेच्याच्या गवतात.

बारावी होती एलुनेड, त्याची बायको. दुसऱ्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीवर. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने एकही सामना पाहिला नव्हता. शनिवारी ती बेकरीच्या गल्ल्यावर असायची. आज मात्र जेवताना म्हणाली होती, "मीही येते. इतकी वर्षं ऐकतेय, एकदा कळू दे तरी."



तेव्हापासून हेफिनने मनात घोकलं होतं, की चेंडूचं सांगायचं, धरण्या-पाडण्याचं सांगायचं, पण माणसं मोजायची नाहीत. तसंच त्याने केलं. खाली पाडलेल्याने चेंडू सोडलाच पाहिजे, कवटाळून बसायचं नाही, हे त्याने फरशीवर गुडघा टेकून दाखवलं. आठांनी आठांना खांदे भिडवून रेटायचं, त्याला स्क्रम म्हणतात, ते टेबलाला खांदा लावून दाखवलं. पलीकडच्या रेषेपार चेंडू नुसता नेऊन चालत नाही, हाताने भुईला टेकवावा लागतो, हेही झालं.

"पण काका, एका बाजूला किती जण?" रिआनने वही उघडली होती. "आणि कुणाचा नंबर कुठला, ते सांगा. आमची कार्ली काहीबाही नंबर सांगते, मला ओ की ठो कळत नाही."

हेफिनने एलुनेडकडे बघितलं. ती ऐकत होती, शाळेतल्या मुलीसारखी, मान किंचित कलती करून.

"पंधरा," तो म्हणाला.

चार हिवाळे एलुनेडने जो शर्ट धुतला, त्याच्या पाठीवर सोळा होता. ज्याचा शर्ट त्याने घरी न्यावा, अशी तेव्हाची रीत. नव्या नवरीने विचारलं होतं, सोळा म्हणजे काय रे? तो म्हणाला होता, सोळा म्हणजे मधला, सगळीकडे धावणारा. "बरं," म्हणून तिने शर्ट टबात टाकला होता.

त्याने एकेक नंबर सांगितला, रिआनने एकाखाली एक लिहिला. पंधराव्यापाशी ती थांबली, तिने मान वर केली. "आणि तुमचा कुठला?"

आता त्याला खोटं ठरवणारं एकच माणूस जिवंत होतं, आणि ते दुसऱ्या रांगेत बसलं होतं.

"सात," हेफिन म्हणाला.

एलुनेडने मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

त्या काळी सामना संपला, की सगळे न्हाणीत शिरायचे, गाणी म्हणत एकमेकांच्या पाठी घासायचे. हेफिन कोरड्या शर्टाने मैदानाच्या मागच्या बाजूला जायचा. खांबाजवळ डबकं होतं. तिथे बसून ओंजळीने चिखल घ्यायचा आणि छातीवर, पोटावर चोळायचा. मग थोडा लंगडत, टेकडी चढून घरी. दार उघडताच एलुनेड आधी शर्टाकडे बघायची. त्या एका नजरेसाठी तो आठवडाभर खाणीतल्या दिव्यांच्या खोलीत उभा असायचा, खाली उतरणाऱ्यांच्या हाती दिवे देत.

"काका, खेळ राहू दे क्षणभर," रिआन म्हणाली. "हा चिखल निघतो कशानं, ते सांगा. परवा कार्ली नुसत्या सरावाला गेली नि शर्टाचं पोतेरं करून आणलं."

"ते काकूंना विचार," हेफिन म्हणाला. विषय बदलला म्हणून त्याला बरंच वाटलं.

एलुनेडने घसा साफ केला. "ओला असताना हात लावू नये. वाळू द्यावा, झटकावा, मग गार पाणी. गरम घातलं की डाग बसला म्हणून समज. रक्ताला मीठ." ती जरा थांबली. "आणि धुताना कळतं गं, पोर कशी खेळली ते. शेजारणींचे शर्ट नि आमचा, एकाच दोरीवर असायचे. स्क्रममध्ये रेटणाऱ्याचा खांद्याला नि गळ्याला मळतो. आडवं पडून पाय धरणाऱ्याचा बरगडीला आणि कोपराला. तिथं गवत चिखलासकट विणीत घुसतं. तीन पाण्यांनीसुद्धा हिरवं राहतं."

"आणि काकांचा?"

एलुनेड हसली. तेच हसू, जे ती बेकरीत उधार मागणाऱ्याला द्यायची, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून.

"त्याचा पहिल्याच पाण्यात निघायचा."

"हात असावा तर असा," कुणीतरी म्हणालं, आणि बायका पुन्हा हसल्या.

हेफिन हसला नाही. वरून चोपडलेला चिखल. गवताची एक काडी नाही. चार हिवाळे, दर शनिवारी तिच्या हातांनी पाण्यात तो वाचला होता. वाचून, पिळून, दोरीवर घातला होता. आणि दर शनिवारी दार उघडून आधी शर्टाकडेच बघितलं होतं.

त्याने चेंडू टेबलावर ठेवला. तो घरंगळायला लागला, तेव्हा त्यावर हात दाबून धरला.

"एक चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "सात नंबर इडवलचा. माझा सोळा."

रिआनने वही पाहिली. "पण पंधराच म्हणालात की."

"सोळावा बाहेर बसतो." आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "तेव्हा कुणाला इजा झाल्याशिवाय सोळाव्याला आत घेत नसत. मी कोट सांभाळायचो, मध्यंतरात संत्री कापायचो. आणि कुणाचं तरी हाड मोडावं म्हणून वाट बघायचो. इडवलचंसुद्धा. माझ्या लग्नात पाठराखा होता तो. चार वर्षांत कुणाचं काही मोडलं नाही."

बाहेर बारमध्ये ग्लास विसळल्याचा आवाज आला.

"आमच्या मेगनला सोळा दिलाय," मागून एक बारीक आवाज आला. निळ्या कोटातली, अजूनपर्यंत एक शब्द न बोललेली बाई होती. "शनिवारी आम्ही सगळं घर जाणार आहोत. तिची आजी स्वान्सीहून यायचीय. मला वाटलं... मेगननं काही सांगितलं नाही."

हेफिनला तिच्याकडे बघवेना.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "आता नियम बदललाय. आता कुणाचं मोडायला लागत नाही. शेवटी शेवटी आत घेतात. आणि नाहीच घेतलं, तर..." त्याने टेबलावरचा चेंडू जवळ ओढला. "तर घरी गेल्यावर शर्टाकडे बघू नका."

बाईने मान हलवली. रिआनने पंधराच्या खाली सोळा लिहिला. समोर काय लिहावं ते तिला कळलं नाही, म्हणून तेवढी जागा तिने कोरी ठेवली.

क्लबचा सेक्रेटरी चहा झाला म्हणून सांगायला आला, तेव्हा बायका घाईने उठल्या. खुर्च्या करकरल्या. हेफिन चेंडूवरचा हात काढून दुसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि उभा राहिला. बसावं की नाही, ते त्याला ठरवता येईना.

एलुनेडने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

तो बसला. दोघंही समोर बघत राहिली. समोर टेबल होतं, त्यामागे रिकामी भिंत, आणि आता तिथे कुणीच उभं नव्हतं.