आईच्या घरी राहणारी चंद्रोदयाची वेळ

मी चंद्रोदयाची वेळ बोलतेय. पंचांगातली नव्हे, मोबाइलमधली. करुणाच्या प्रोग्रॅममध्ये माझं घर आहे. पण माझी गोष्ट माझ्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू झाली, तिच्या आईच्या, गीताबाईंच्या, एका नवसापासून.

करुणा लहान असताना तापानं फणफणली होती. डोळे उघडेना. तेव्हा गीताबाई देवासमोर बसून म्हणाल्या, "गणराया, माह्या लेकीले उठव. मी जन्मभर संकष्टी धरीन, अन् उपास कधी एकटीनं सोडणार नाही."

करुणा उठली. तेव्हापासून दर संकष्टीला तुमसरच्या त्यांच्या गच्चीवर शेजारपाजारच्या उपासवाल्या बाया आपापलं ताट घेऊन येतात.

पुढे करुणा संगणक शिकली आणि गीताबाईंना शुगर निघाली. भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ मुंबईची. आपल्याकडे चंद्र जवळपास अर्धा तास आधी उगवतो. आभाळ असलं की आई कॅलेंडर बघून उगाच उपाशी बसायची. ते लेकीला पाहवेना, म्हणून तिनं मला घडवलं.

प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायच्या चौकटीला क्लास म्हणतात; तिनं एक आई-क्लास केला, नाव ठेवलं 'व्रत'. त्याच्या दोन लेकी, 'संकष्टी' आणि 'करवाचौथ'. मला तिनं आईकडे, म्हणजे 'व्रत'कडे ठेवलं. कुणी या 'संकष्टी'कडे चंद्राची वेळ मागितली, की ती आधी आपल्या घरात बघते. तिथं काही नसलं, की आईकडे येते आणि मला घेऊन जाते. माहेरचा पाण्याचा माठच म्हणा ना! एकदा भरला, की दोघी लेकींना तेच पाणी. करुणा तुमसरची नवी वेळ फक्त माझ्यात भरते.

या आश्विनात मात्र गडबड झाली. मोबाइलवरची अक्षरं आईला नीट दिसतात का, हे बघायला करुणानं कॅलेंडरातली वेळ सहज लिहून पाहिली. माझ्यात नाही, संकष्टीच्या घरात. नंतर खरी वेळ तिनं माझ्यात भरली, पण तिकडची ओळ पुसायची राहून गेली. लेकीच्या घरी स्वतःचा माठ आला! आता ती माझ्याकडे कशाला येईल? मी बरोबर होते, पण संकष्टीला माझी गरजच उरली नाही.

त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं. त्याच चतुर्थीला शेजारच्या डिंपलची करवाचौथ असते, नवऱ्यासाठी धरलेला उपास. तिचं माहेर हिंदी मुलखातलं, बालाघाटकडचं. चाळणी घेऊन तीही गच्चीवर आली. गीताबाईंच्या कपाळावर घाम होता.

"आई, तुही शुगर उतरून राहिली. गूळ तरी खा."

"मोबाइल काय म्हणते? अजून वेळ आहे ना? मंग कशी खाऊ? तुह्याच जिवासाठी बोलली होती देवाले."

डिंपलनं आपला मोबाइल उघडला; त्यातही करुणाचाच प्रोग्रॅम, पण करवाचौथचं पान. "पण काकू, माझ्या मोबाइलात तर चंद्र केव्हाचाच निघाला! तुमच्या गणपतीचा चंद्र अलग अन् माझ्या नवऱ्याचा अलग आहे का?"

बाया हसल्या. करुणा हसली नाही. तिनं दोन्ही मोबाइल शेजारी धरले. चंद्र एक, वेळा दोन! ती तशीच जिना उतरून संगणकाकडे धावली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग संकष्टीकडे, आणि ती उपरी ओळ पुसून टाकली. संकष्टी पुन्हा आईच्या दारी आली, आणि मी तिच्यासोबत गेले.

"आई, निघाला चंद्र! मीच चुकली."

"अहो, लवकर वर या," डिंपलनं जिन्यात हाक मारली, "तुमच्यापायी मी अन् माझ्यापायी काकू उपाशी आहेत!" तिचा नवरा मनीष धापा टाकत आला. गीताबाईंनी पूर्वेच्या ढगांना अर्घ्य दिलं. डिंपलनं नवऱ्याच्या हातून पाणी घेतलं, तसा गीताबाईंनी पहिला घास तिच्या हातावर ठेवला, मग स्वतः जेवल्या. हळूहळू कपाळावरचा घाम वाळला.

मी आजही आईच्याच घरी आहे. मनात येतं, त्या संध्याकाळी गीताबाई एकट्या असत्या, तर आपल्याच मोबाइलकडे बघत बसल्या असत्या, लेकीवर विश्वास ठेवून. चूक दिसली ती दुसरा उपास धरणारी शेजारीण होती म्हणून. देवानं नवस असाही राखला.

म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगते. उपास कुठलाही धरा, पण सोडताना शेजारणीला हाक मारा. आणि जेवायला बसण्याआधी एकदा विचारा, "बाई, तुह्या चंद्र किती वाजता निघते?"