खारूताईची पिन आणि माझा डगमगता पाय

मी एक जुना लाकडी कंपास आहे. मित्रांनो, तुमच्या पेटीतला चिमुकला नव्हे, तर फळ्यावर वर्तुळं काढणारा, चांगला हातभर लांब. माझ्या एका पायाला खडू आणि दुसऱ्याला रबराची टोपी. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "हा नातवंडांनाही पुरेल." ते ऐकल्यापासून माझं नाक जरा वरच असतं.

बरीच वर्षं मी फळा गाजवला. मग वर्गात चकचकीत पडदा आला. बोट टेकवलं की वर्तुळ तयार. माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली, अंगावर धूळ बसली, सांध्याचा स्क्रू सैल झाला. समोरच्या भिंतीवर थोर गणितज्ञांच्या तसबिरी होत्या, सगळे दाढीवाले. रोज त्यांच्याकडे बघून माझीही खात्री पटली होती की गणित दाढीतूनच उगवतं.

एके दिवशी गणिताच्या नव्या बाई वर्गाला म्हणाल्या, "गणितज्ञ कसा दिसतो, काढा पाहू." वर्गाने पटापट चित्रं काढली आणि बाईंनी ती भिंतीवर लावली. जिकडेतिकडे दाढ्याच दाढ्या. खारूताईच्या चित्रातही दाढी होती, आणि हातात चक्क मी होतो. सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून वर्ग तिला खारूताई म्हणायचा. बाईंचं गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं.

पण त्या दिवशी तीच हळूच म्हणाली, "बाई, उद्या पुढच्या वर्षीचे विषय सांगायचेत ना? मी गणित सोडतेय. आत्या म्हणते, ते मुलींचं काम नाही."

"सोड हवं तर," बाई म्हणाल्या, "पण आजचा तास ऐक आणि मग सोड."

आणि काय तो तास! बाई गणितात नाव काढलेल्या बायकांच्या गोष्टी सांगत होत्या. एकीला मुलगी म्हणून कॉलेजात प्रवेश नव्हता, तर तिने पुरुषाच्या नावाने आपलं लिखाण प्राध्यापकांकडे पाठवलं. ते वाचून प्राध्यापक थक्क झाले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? दुसरी जमिनीवर मोठाले कागद पसरून आकृत्या काढायची. तिच्या लेकीला वाटायचं, आई चित्रं रंगवतेय. पुढे गणितातला एक फार मोठा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. पडद्यावर त्यांचे चेहरे झळकत होते, पोरं बाकांवरून पुढे झुकली होती आणि खारूताई पेन्सिल कुरतडायचीही विसरली होती. मला तर धूळ झटकून उडी मारावीशी वाटत होती.

इतक्यात वीज गेली आणि पडदा काळा झाला. बाईंनी मला खाली काढलं. मी काय, एका पायावर तयार! त्यांनी मला खारूताईच्या हातात दिलं. "काढ एक मोठं वर्तुळ."

ती मला फिरवू लागली आणि माझा पाय फाकला. वर्तुळाची टोकं जुळलीच नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "हिची आत्या बरोबरच बोलते की." चूक माझी, आणि हसं तिचं होत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खारूताईचे कान लाल झाले. पण तिने वर्गाकडे बघितलं नाही, माझ्या सांध्याकडे बघितलं. मला दोनदा हलवून पाहिलं, केसातली पिन काढली आणि सांध्याच्या फटीत घट्ट खोचली. मग पुन्हा टोपी टेकवली. मी असा गरगर फिरलो म्हणता, आणि निघालो होतो तिथेच येऊन मिळालो.

"बाई," हातावरचा खडू झटकत ती म्हणाली, "पिन काही टिकायची नाही. याला नवा स्क्रू बसवू या. पुढच्या वर्षी गणिताच्या तासाला हा डगमगला तर मला कसं चालेल?"

बाई हसल्या. जागेवर जाता जाता खारूताईने भिंतीवरच्या आपल्या चित्रातली दाढी खोडली आणि तिथे दोन वेण्या काढल्या. कंपास मात्र तसाच ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अडगळीत टाकण्याआधी त्यांचे सांधे एकदा आवळून बघा. आणि मी कोणाच्या हातात शोभतो, हे दाढी बघून ठरवू नका. माझं तसं चुकलं होतं.

मला आता नवा स्क्रू बसला आहे. पिन मात्र मी अजून परत दिलेली नाही.