थोरलीचा चांगुलपणा

लेखक कादंबरी हातानं लिहायचा आणि धाकटी ती कॉम्प्युटरवर उतरवायची. धाकटी म्हणजे त्याची बायको. मोठ्या भावाची बायको थोरली, म्हणून ही धाकटी. लग्नाआधी ती एका वकिलाकडं टायपिस्ट होती. समोर येईल ते स्वल्पविरामासकट जसंच्या तसं उतरवायचं, ही तिथली शिस्त तिच्या बोटांत मुरली होती. मजकूर कसा वाटला, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

त्याच्या आधीच्या प्रत्येक कादंबरीत एक बायको होती. सोशिक, समजूतदार, दार उघडणारी आणि चहा ठेवणारी. "ही तू," असं तो दर वेळी कौतुकानं सांगायचा. एकीत तर ती बिचारी चाळिसाव्या पानावर वारली आणि शेवटपर्यंत कुणाला तिची उणीव भासली नाही.

या वेळची नायिका मात्र वेगळ्याच मातीची होती. खोटारडी, आपमतलबी, जिभेला हाड नसलेली. पाहुणे जिना उतरायच्या आत त्यांच्या नावानं नाक मुरडणारी. दुसऱ्याच्या घरी गेली की पडद्याचं कापड दोन बोटांत धरून बघणारी. राग आला की बोटातली अंगठी गरगर फिरवणारी. तिसऱ्याच पानावर धाकटीनं ओळखलं, ही थोरली.

लेखकानं ते लपवलंही नाही. रविवारी थोरली आली, तेव्हा त्यानं तिला दोन पानं वाचूनच दाखवली. आता भडका उडणार म्हणून धाकटी जीव मुठीत धरून बसली. थोरली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"भावजी, अहो पडदेसुद्धा सोडले नाहीत तुम्ही!"

"राग नाही ना आला, वहिनी?"

"राग कसला? मी अंगठी कुठल्या बोटात घालते, विचारा आमच्या ह्यांना. जन्मात सांगता यायचं नाही." मग ती धाकटीकडं वळली. "नावं ठेवायची तरी माणसाकडं नीट बघावं लागतं गं! तू काय बाई, देवमाणूस. तुझ्यात लिहिण्यासारखं काय सापडणार?"

धाकटी हसली, कप उचलून आत गेली आणि नळाखाली नुसते हात धरून उभी राहिली. नवऱ्याची नजर वाईट असती, तर भांडता तरी आलं असतं. तो थोरलीकडं फक्त बघत आला होता, बारकाईनं, वर्षानुवर्षं. त्यातलं चिमूटभरही हिच्या वाट्याला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहावं प्रकरण उतरवताना तिनं पहिल्यांदाच पदरचं वाक्य घातलं. नायिका शेजारणीला घालूनपाडून बोलते, त्याच्यापुढं: 'मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं माफी मागितली.' बस, एवढंच. सातव्यात नायिकेनं आजारी मोलकरणीला रजा दिली. आठव्यात ती सासूच्या उशाशी बसून राहिली. प्रत्येक प्रकरणात एक चांगुलपणा, आणि तोही जिथं बाई सगळ्यांत जिवंत वाटते, नेमका तिथं.

उतरवलेलं लेखक पुन्हा वाचत नसे. बायकोवर त्याचा तेवढा विश्वास होता.

काही दिवसांनी संपादकांचा फोन आला. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू जाई.

"अहो, पाच प्रकरणं त्या बाईचा असा संताप आला, की खाली ठेववेना. पुढं काय झालं तुम्हाला? माफी काय मागते, उशाशी काय बसते! सहाव्यात मारलीत तुम्ही तिला. हे असं मी छापणार नाही."

लेखकानं हातानं लिहिलेली पानं काढली, टाईप केलेली शेजारी ठेवली आणि ओळीवर बोट ठेवत खाली गेला. मग दोन्ही गठ्ठे घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"हे तू घातलंस?"

"हो."

"तिला इतकं चांगलं का केलंस?"

"तुम्ही मला केलंत तसंच."

धाकटीनं ओट्यावर फडकं फिरवलं. "वकिलाकडं असं केलं असतं, तर हाकलून दिलं असतं मला. काढते सगळं. उद्यापर्यंत होईल."

तो हलला नाही. पानात डोकं घालून म्हणाला, "आठव्यात, सासूच्या उशाशी. तिथंच का?"

"तिथं ती औषधाबद्दल खोटं बोलते. फार सुरेख जमलं होतं ते. म्हणून."

लेखकानं स्टूल ओढलं आणि बसला. "घालताना काय वाटत होतं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न नवा होता. धाकटीनं गॅस बारीक केला.

"बरं वाटत होतं. जिन्यावरून पडून त्या कायमच्या गप्प झाल्यासारखं."

"कोण, वहिनी?"

"मग आणखी कोण?"

त्याचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. धाकटीनं ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आणि त्यांच्याकडचा तो काचेचा दिवा फुटला होता ना मागं? तो मांजरानं नाही फोडला."

"मग?"

दिवा मांजरानंच फोडला होता.

"सांगते," धाकटी म्हणाली आणि त्याला आपला चेहरा नीट दिसेल अशी समोर येऊन बसली.