इनेझ ब्रेक्केच्या भांड्याचा तळ

खर्डा पहिला: इनेझ ब्रेक्के जगाला एवढी का आवडली? कारण ती साधं लिहायची.

व्हर्नाने भाषणाचा कागद चुरगळला. साधं तर पोस्टातला माणूसही लिहितो!

खर्डा दुसरा: कारण तिला माणसं कळायची.

हाही केराच्या टोपलीत.

खर्डा तिसरा: कारण तिच्या कादंबरीतली ती खादाड, भांडकुदळ बाई, मयताच्या जेवणात स्वतःच्याच भांड्यातला, भट्टीत भाजलेला हॉटडिश सगळ्यांआधी फस्त करणारी, जिच्यावर सत्तावीस भाषांतले वाचक जीव टाकतात, ती बाई म्हणजे मी, व्हर्ना टोलेफसन.

हा मात्र घडी घालून पर्समध्ये.

अडचण एकच. आर्डिस क्वाम.

"ती बाई मी आहे, व्हर्ना. तीस वर्षं सांगतेय."

"तू? तुझा हॉटडिश कुत्रंसुद्धा वास घेऊन सोडतं!"

आज निकाल लागणार होता. दिवंगत इनेझच्या घराच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं आणि तिच्या कपाटात ते भांडं सापडलं होतं. कादंबरीतलंच, निळं, एक कान तुटलेला. मिनेसोटाच्या या गावात कुणी भांडं चर्चमध्ये नेलं, तर तळाला नावाची कागदी पट्टी चिकटवतंच. पट्टीवर जिचं नाव, ती बाई तीच.

अंगणात दोनशे माणसं. चर्चच्या पास्टरांनी भांडं उलटं केलं.

"आर्डिस क्वाम."

आर्डिसने अशी किंकाळी फोडली की छपरावरची कबुतरं उडाली.

"थांबा," पास्टर म्हणाले, "खाली आणखी एक पट्टी आहे." त्यांनी वरची सोलली.

खर्र.

"व्हर्ना टोलेफसन!"

"खालची म्हणजे आधीची!" व्हर्ना नाचायलाच लागली. "आधीची मी! ऐकलंस का गं?"

खर्र. दंतवैद्याची आई.

खर्र. चर्चचा गायक ऑर्विल.

"मला अंडं उकडता येत नाही!" ऑर्विल ओरडला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते.

खर्र. शेवटची पट्टी, फिकट शाई.

इनेझ ब्रेक्के.

व्हर्नाला आठवलं: हे भांडं तिने चर्चच्या ओट्यावरून उचललं होतं, घासलं होतं, परत द्यायचं राहिलं होतं. मग आपलीच पट्टी. पुढे ते आर्डिसकडे राहिलं.

"इनेझ आजारी होती तेव्हा मी त्यातच जेवण नेलं," आर्डिस पुटपुटली. "नंतर मागायला लाज वाटली."

म्हणजे चर्चच्या दर जेवणाला इनेझला आपलंच भांडं दुसऱ्याच्या नावाने दिसत होतं. आणि ती निमूट त्यातूनच वाढून घेत होती. पुन्हा पुन्हा. सगळ्यांआधी.

"खादाड!" व्हर्नाच्या तोंडून निघालं. "अगं, ती स्वतःवरच हसत होती! आणि आपण तीस वर्षं त्या बाईसाठी भांडतोय!"

ध्वनिक्षेपक समोर होता. व्हर्नाने पर्समधला कागद काढला, वाचला, आणि त्यात नाक शिंकरलं.

खर्डा चौथा, तोंडी: "भांडं मी ढापलं होतं. तिने ते ओळखलं होतं, आणि तरी माझ्या हातचं निमूट खाल्लं. पुस्तकातही तसंच केलं तिने: आमच्या चुका पोटात घातल्या आणि हसली स्वतःला. झालं माझं भाषण."

टाळ्यांत जपानमधल्या ओसाकाहून आलेले एक गृहस्थ पुढे सरकले. बगलेत झिजलेली कादंबरी.

"एक पट्टी मिळेल का? माझ्या नावाची? वाचताना मलाही वाटलं, ती बाई मीच."

व्हर्नाने पर्समधलं पट्टीचं अख्खं रीळच त्यांच्या हातात ठेवलं.

"हवी तिथे लावा," आर्डिस म्हणाली, "फक्त हिची पट्टी माझ्या पट्टीवर येऊ देऊ नका!"