साइडकारमधला माणूस

धारूरच्या किराणा दुकानात बसल्या बसल्या गंगासागर मोबाइलवर साइडकारच्या शर्यती बघायची. डोंगरातल्या वळणावर साइडकारमधला माणूस बाहेर का लटकतो, हे तिला कळत नव्हतं. नवरा मल्लिकार्जुन म्हणाला, "हौस असंल."

त्यांच्या जुन्या मोटारसायकलीलाही डाव्या बाजूला साइडकार जोडलेली होती. एरवी तिच्यात तेलाचे डबे असायचे. रविवारी तिच्यात गंगासागर बसली आणि दोघं किल्ल्यामागच्या खडकाळ वाटेनं निघाले.

डाव्या वळणावर साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मल्लिकार्जुन घाबरला. गंगासागर मात्र डावीकडं पार बाहेर झुकली आणि तिच्या वजनानं चाक खाली टेकलं.

"हौस न्हाई ती," ती म्हणाली.

"आन् उजव्या वळणावर काय करायचं?"

"तेच बघायचंय. चला."