गोळीतली माफी

किरणला आईनं माफ केलं, तेही मेल्यावर. नैराश्यावरच्या एका ट्रायलमध्ये डॉक्टरांनी त्याला भास घडवणाऱ्या मशरूममधल्या द्रव्याची गोळी दिली, डोळ्यांवर पट्टी बांधली, कानाला संगीत लावलं, आणि आई आली म्हणे. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बेटा, तुझा काही दोष नाही."

गडी खडखडीत बरा झाला. आधी अंथरुणातून उठायचा नाही, शिफ्टला जायचा नाही. आता सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरात शिट्टी वाजवत पोळ्या लाटायचा. धाकटी बहीण प्रतीक्षा त्याच घरात राहायची. दादा बरा झाला याचा तिला आनंद नव्हता असं कसं म्हणू? पण ती शिट्टी ऐकली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण आईला नागपूरला परत धाडलं ते किरणनंच. कोरोना आला, विमानं बंद व्हायच्या बेतात होती. व्हिसा वाढवून मिळत होता. आई शांताबाई म्हणत होत्या, "राहतो ना बापा इथंच, पडून राहीन कोपऱ्यात." हा म्हणाला, "इथं आजारी पडलीस तर कोण बघेल? तिकडे आपली माणसं आहेत." आपली माणसं! सप्टेंबरात शांताबाईंना अख्ख्या नागपुरात बेड मिळाला नाही. लेकरांनी सिडनीत बसून मोबाईलवर चिता पाहिली.

मरायच्या आदल्या दिवशी आईचा प्रतीक्षाला फोन आला होता. धापा टाकत म्हणाली, "किरणनं मले काऊन हाकललं वं? सांगजो त्याले, म्या नाही इसरणार." प्रतीक्षानं तो निरोप दिला नाही. दादा आधीच खचलेला, त्यात हे कुठं सांगायचं?

पहिला स्मृतिदिन लॉकडाऊनमुळे झूमवरच झाला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लावल्या. नागपूरहून विलासमामांनी पंचशील सांगितलं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. तेही किरणनं खणखणीत आवाजात म्हटलं. वा रे पठ्ठ्या! गोळी घेण्याआधी प्रतीक्षानं विचारलं होतं, "दादा, ही नशाच ना?" तर म्हणाला, "औषध आहे गं, डॉक्टर बाजूला बसलेले असतात."

मग दोन शब्द बोलायची वेळ आली, आणि किरणनं सगळ्या नातेवाइकांना आईची भेट सांगितली. मामा ढसाढसा रडले. "साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले. प्रतीक्षानं कॅमेरा बंद केला.

कार्यक्रम संपल्यावर किरण खीर गरम करायला उठला. ती त्याच्यामागे किचनमध्ये गेली आणि आईचं फोनवरचं बोलणं, आईच्याच शब्दांत, सांगून मोकळी झाली. सांगितलं आणि घाबरली. आता हा परत अंथरूण धरणार, आपणच त्याला मारलं, असं तिला वाटलं.

किरणनं गॅस बारीक केला. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रतू, ती तापात बोलली गं. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काहीही बडबडतो. ती खरी आई नव्हती. खरी मला भेटली."

"आणि गोळीनं मेंदू खरं बोलतो होय रे?"

"घेतल्याशिवाय नाही कळणार." तो इतक्या मायेनं हसला की तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "पुढच्या ट्रायलला तुझं नाव देऊ? तुलाही भेटेल."

प्रतीक्षानं गॅस बंद केला. दादा मोडू नये म्हणून तिनं आईचा शेवटचा शब्द वर्षभर पोटात ठेवला होता. आता ओठांवर आणला, तर मरतानाची आईच खोटी ठरली, आणि गोळीतली खरी.