पद : मदतनीस

नायगावात व्यंकटला सगळे शेठ म्हणायचे, आणि शेठ व्हायला जे लागतं ते त्याच्याकडं होतंच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, दुकानापुढं टाकलेली लाल खुर्ची आणि वर 'व्यंकट मसाला कांडप' असा मोठा बोर्ड. दुकानातलं काम तेवढं त्याची बायको राजकन्या करायची. मिरच्या तोलून घ्यायच्या, देठ खुडायचे, मसाला भाजायचा, कांडप यंत्रात घालायचा, चाळायचा आणि गिऱ्हाइकाच्या डब्यात भरून द्यायचा. शेठ गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणायचे आणि पैसे घेऊन गल्ल्यात टाकायचे. राजकन्येविषयी कुणी विचारलंच तर म्हणायचे, "ती आपली जरा हातभार लावती."

नवं यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सांगितलं, की बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं, व्याजही कमी लागतं. व्यंकटनं लगेच धंद्याची नोंदणी बायकोच्या नावानं करून टाकली. "नावालाच करायचं हाय," असं त्यानं तिला समजावलं होतं. नांदेडच्या एका फायनान्स कंपनीनं राजकन्येला कर्जदार केलं, व्यंकटला सहकर्जदार केलं आणि कंपनीच्या सत्यम नावाच्या अधिकाऱ्यानं दोघांच्या पस्तीस ठिकाणी सह्या घेतल्या. फॉर्म तेव्हा कोरेच होते. ते आपण नंतर निवांत भरू, असं सत्यम म्हणाला. तीन लाखांतले एकोणीस हजार कापून आले, तेव्हा तो म्हणाला, "फाईल चार्ज." एवढी महाग फाईल कसली असते, हे विचारायला राजकन्येनं तोंड उघडलं होतं, पण शेठनं डोळे वटारले. साहेब लोकांसमोर असलं बारीकसारीक विचारलं की इज्जत जाते, असं त्याचं मत होतं.

आठ महिन्यांनी पोस्टानं एक जाड पाकीट आलं. लातूरला शिकणारी त्यांची लेक ऋतुजा होळीला घरी आली होती. तिनं दुकानाच्या पायरीवर बसून ते फोडलं.

"पप्पा, ते फाईल चार्ज नव्हतं. विमा हाय. तुमची नोकरी गेली तर तीन महिन्यांचे हप्ते विमा कंपनी भरणार हाय."

"माझी कुठली नोकरी?"

ऋतुजानं पुढचं वाचून दाखवलं. व्यवसाय, खासगी नोकरी. मालक, राजकन्या मसाला उद्योग. पद, मदतनीस. पगार, नऊ हजार.

एकोणीस हजारांचा पत्ता लागला तेव्हा व्यंकट खुर्चीत बसलेला होता. 'मदतनीस' ऐकलं आणि तो ताडकन उभा राहिला. आतलं यंत्र बंद झालं. तोंडाला फडकं बांधलेली राजकन्या दारात आली.

"पगार किती म्हणलीस?"

"नऊ हजार."

"कोण देतंय?"

"तू."

राजकन्या आत गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं. पण फडक्याआड ती हसत होती, हे तिच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून व्यंकटला स्पष्ट दिसलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो नांदेडला गेला. कंपनीचं ऑफिस काचेचं, एसीचं. भिंतीवर एक कुटुंब दात काढून हसत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आम्ही आहोत ना!' सत्यम मात्र नव्हता. त्याची बढती होऊन जळकोटला बदली झाली होती. असल्या माणसांची बढतीच होते. ज्यांच्या सह्या घेतलेल्या असतात ते लोक तेवढे जागच्या जागी राहतात. आता शाखेत दामिनी मॅडम होत्या. त्या वाक्यागणिक 'सर' म्हणायच्या, आणि सर म्हणत म्हणत त्यांनी व्यंकटला दोन तास बाकावर बसवून ठेवलं.

"सर, पॉलिसी नको असेल तर तीस दिवसांत कळवायचं असतं."

"आवं, पॉलिसीच आठ म्हयन्यानं आली की!"

"तो पोस्टाचा विषय आहे सर."

"आन् म्या नोकरदारच न्हाई. म्या मालक हाय मालक!"

दामिनी मॅडमनी स्क्रीनवर नजर टाकली. "सर, मालक राजकन्या मॅडम आहेत."

बाकावरची सात-आठ माणसं वळून बघायला लागली. त्यांच्यात नायगावचा बजरंग गवंडी होता. व्यंकटनं त्याला ओळख दाखवली नाही, पण बजरंगनं हसून हात वर केला.

"तुम्ही त्यांच्याकडे नोकरीला नाही, असं मालकांचं पत्र आणा सर. मग चुकीची विक्री म्हणून तक्रार घेता येईल."

परतीच्या गाडीत व्यंकटनं खूप विचार केला. गप्प बसावं तर कागदावर तो जन्मभर बायकोचा नोकर. बोलावं तर तिच्यापुढंच हात पसरायचा. एव्हाना बजरंगनं गावभर केलंच असणार, हे लक्षात आल्यावर त्यानं दुसरा मार्ग धरला.

"एक पत्र पाहिजे होतं," दुकानाच्या दारात उभा राहून तो म्हणाला.

"गिऱ्हाईक हाय. जरा थांबा," राजकन्या आतून म्हणाली.

तो थांबला. स्वतःच्याच दुकानापुढं, स्वतःच्याच खुर्चीत पाऊण तास थांबला. मग राजकन्येनं हात पुसले, ऋतुजाच्या वहीतलं पान घेतलं आणि त्याला मजकूर विचारला आणि पत्र लिहून काढलं, पण त्यानं सांगितलेलं नव्हे, आपल्या मनचं. 'मी राजकन्या लिहून देते की, माझे पती व्यंकट हे माझ्याकडे नोकरीला नाहीत. कधीच नव्हते. त्यांना मी पगार दिलेला नाही. पगार द्यावा असं काम त्यांनी दुकानात आजपर्यंत केलेलं नाही.'

"शेवटची ओळ काढ की."

"का? खोटी हाय का?"

व्यंकटनं पत्राची घडी केली. एवढा छोटा कागद, पण नांदेडपर्यंत खिशात टोचत राहिला. तिथं दामिनी मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीवर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "छान आहे सर. पण मालकांनी आमच्यासमोर सही करायला हवी."

दिवस मिरचीचे होते. उन्हाळ्यातले हे दोन महिने म्हणजे राजकन्येची वर्षाची कमाई. एक दिवस दुकान बंद ठेवायला ती कबूल नव्हती. पण दुपारच्या गाडीनं जाऊन यायचं तिनं ठरवलं. त्या सकाळी एका लग्नघरची चाळीस किलो लवंगी मिरची तिनं कांडून दिली आणि लुगडं न बदलता तशीच एसटीत चढली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता तीन शिंका दिल्या. व्यंकट एक सीट सोडून बसला.

ऑफिसच्या काचेचं दार मागं बंद झालं. थंड हवा वरून सुटलेली होती. राजकन्या नेमकी तिच्याखाली बसली.

"मॅडम, यात एक अडचण आहे," दामिनी मॅडम म्हणाल्या. आता 'सर' संपलं होतं. "यांना नोकरी नाही, उत्पन्न नाही, म्हणजे कर्जाच्या फॉर्ममध्ये खोटी माहिती भरली गेली. अशा केसमध्ये आम्ही सगळं कर्ज एकदम परत मागू शकतो."

व्यंकटच्या तोंडचं पाणी पळालं. "ऱ्हाऊ द्या मॅडम, मदतनीस तर मदतनीस," तो पुटपुटला.

"तुम्ही गप बसा," राजकन्या म्हणाली, आणि तो खरंच गप्प बसला. "मॅडम, त्यो फॉर्म काढा. हितं मदतनीस लिव्हलंय ते इंग्रजीत हाय. मला इंग्रजी येत न्हाई, ह्यांना तर मराठी बी वाचायचा कंटाळा. अक्षर कुणाचं हाय?"

दामिनी मॅडमना अक्षर ओळखीचं होतं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शिंक आली. पाठोपाठ कॅशियर शिंकला. मग दारावरचा वॉचमन.

"आन् आमी इम्याची तक्रार केली म्हणून तुमी कर्ज परत मागून ऱ्हायलात, एवढं एका कागदावर लिहून द्या. आमी बघतो पुढं कुठं न्यायचं ते."

"तसं... आक्छी... लिहून देता येत नाही."

"मग तक्रारीची पोच द्या. शिक्का मारून."

"मेल येईल तुम्हाला."

"येऊ द्या की. तवर बसते मी. मला काय घाई न्हाई." लई उकडून आलंय, असं म्हणत राजकन्येनं पदर दोनदा झटकला. तो मुद्दाम झटकला की कसं, हे व्यंकटनं पुढं कधी विचारलं नाही.

एसीनं आपलं काम इमानदारीनं केलं. त्या ऑफिसात इतकं इमानदार दुसरं काही नव्हतं. पाच मिनिटांत सगळी शाखा नाकाला रुमाल लावून बसली. कुणी खिडकी उघडायला धावलं, तर काच पक्की बसवलेली. दहाव्या मिनिटाला शिक्का सापडला. विसाव्या मिनिटाला राजकन्येच्या हातात तक्रार क्रमांक, सही, शिक्का आणि 'चुकीची विक्री' असं स्वच्छ लिहिलेली पोच होती. डोळे पुसत दामिनी मॅडम स्वतः दार उघडून उभ्या राहिल्या.

महिन्याभरात एकोणीस हजार परत आले. अर्थातच मालकांच्या खात्यात. सोबत पत्र होतं. ऋतुजा लातूरला परतली होती, त्यामुळं ते व्यंकटनंच दुकानापुढं बसून हळूहळू वाचलं. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनीला खेद होता. सहकर्जदाराची नोंद दुरुस्त करण्यात आली होती. पूर्वीचं पद, मदतनीस. सुधारित नोंद, काही नाही.

व्यंकटनं ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. ज्यासाठी त्यानं नांदेडच्या तीन फेऱ्या घातल्या होत्या ते त्याला मिळालं होतं, वर शिक्कासुद्धा होता. त्याला फार वाईट वाटलं. मदतनीस म्हणजे निदान कुणीतरी होतं.

संध्याकाळी यंत्र थांबल्यावर तो आत गेला. "ती मदतनीसाची जागा... भरायची हाय का अजून?"

राजकन्येनं त्याच्याकडं नीट बघितलं. तो थट्टा करत नव्हता. "सकाळी सातला यावं लागतंय," ती म्हणाली. "आन् हे पांढरे कपडे चालायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तो सव्वासातला आला, जुनी लुंगी नेसून. पंधरा मिनिटं उशीर झाल्याचं राजकन्येनं ऐकवलं आणि मिरच्यांचं पोतं त्याच्यापुढं ओतलं. नऊ वाजेपर्यंत देठ खुडून त्याच्या बोटांची आग व्हायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वीस वर्षं हे सगळं आपल्यापासून पाच हातांवर चाललं होतं, आणि आपण बाहेर बसून हवा चांगली सुटली म्हणत होतो, हे त्याला त्या आगीनंच कळलं.

तेवढ्यात भोकरकडचं एक नवीन गिऱ्हाईक डबा घेऊन पायरीवर आलं. रिकाम्या खुर्चीकडं बघून त्यानं विचारलं, "शेठ हायत का?"

व्यंकटनं मनगटानं नाक पुसलं आणि यंत्राकडं मान वळवली.

"हायत की," तो म्हणाला. "आत काम करून ऱ्हायल्यात. बसा जरा."